तांबरवाडीचा फितूर

आमच्या तांबरवाडीत बाईचा हात धरायची मुभा दोघांनाच होती. एक तिचा नवरा, दुसरा नासिर मन्यार. त्यातही नवऱ्यानं चारचौघांत धरला तर गाव महिनाभर हसायचं. नासिर मात्र भर ओसरीवर हात धरून बसायचा आणि शेजारी बसलेली सासू म्हणायची, "अजून दोन हिरव्या घाल रे हिला, कंजुषी करू नको."

औशाहून निलंग्याकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की आमचं गाव. नासिरचं घर गावाच्या तोंडालाच, पण तो घरात सापडायचा नाही. बांगड्यांची पेटी डोक्यावर, आणि दारोदार. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत आमच्या तलाठ्यानं पाऊल टाकलं नव्हतं, तिथं नासिर माजघरापर्यंत जायचा. कुणाच्या सुनेच्या पाठीवर वळ आहेत, कुणाच्या घरात तीन दिवस चूल नाही, सगळं त्याला दिसायचं. पण या घरातलं त्या घरात त्यानं कधी नेलं नाही. "मन्यार का हुनर आधा उंगली में, आधा बंद मुंह में," असं त्याची आई हुसेनबी म्हणायची. ती स्वतः मात्र एसटीच्या थांब्यावर बसून उघड्या तोंडानं साऱ्या तालुक्याच्या बातम्या वाटायची, ते सोडा.

त्याची सगळ्यात मोठी मिरवायची गोष्ट म्हणजे अमृतराव मालकांचं घर. मालकांच्या आत्यांचा लग्नाचा चुडा नासिरच्या आज्यानं भरला, बहिणींचा बापानं. आता मालकांची सिंधू उरली होती. ती पाळण्यात असताना तिच्या मनगटात काळ्या मण्यांची जोडी नासिरनंच घातली होती, आणि तेव्हापासून तो सांगायचा, "हिचा चुडा माझ्या हातचा. मग मी पेटी खाली ठेवायला मोकळा."

त्या चुड्याचं काय झालं ते सांगायला मी बसलोय. त्यात माझा हात आहे. हात कसला, तोंड आहे.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत औशाच्या किल्ल्यात एका हिंदी सिनेमाचं शूटिंग आलं. सिनेमाचं नाव 'आखिरी रिसाला'. अठराशे सत्तावन्न साली निजामाच्या मुलखातल्या घोडेस्वारांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, असली काहीतरी गोष्ट. त्यांना पन्नास-साठ बंडखोर पाहिजे होते. बंडखोर म्हटल्यावर आमचं अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून गेलं. मी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, तरी गेलो. त्या कंपनीच्या दाढीवाल्यानं माझी छाती बघितली आणि म्हणाला, "इसको अंग्रेज क्यूं मारेगा? ये तो ऐसेच मरा हुआ है." मी परत आलो आणि पोरांना सांगितलं, मला हिरोच्या धाकट्या भावाचा रोल देत होते, अभ्यासामुळं सोडला.

नासिर किल्ल्यावर गेला होता हिरॉइनीच्या मागच्या बायकांना बांगड्या पुरवायला. दाढीवाल्यानं त्याचे डोळे बघितले आणि पेटी खाली ठेवायला लावली. त्याला लाल डगला चढवला, लिंबाच्या झाडाला बांधला. समोर इंग्रज साहेब. हा साहेब हैद्राबादचा होता, केसांना पिवळा रंग लावलेला, आणि चहा मागताना तेलुगूत बोलायचा. त्यानं चाबूक उगारून विचारायचं, तुझे साथीदार कुठं लपलेत, त्यांची नावं सांग. नासिरनं मान वर करून म्हणायचं, "नाम नहीं मालूम, साहब." एवढंच. पण नासिरच्या तोंडातून दर वेळी "नाम नै मालूम साब" निघायचं. चौदा वेळा चाबूक खाल्ला, चौदा वेळा 'नै'. शेवटी दाढीवाल्यानं हात जोडले.

झालं. तिथून पुढं नासिर गावभर तेच करू लागला. बांगड्या भरायला बसला की अर्ध्यात उठून खांबाला पाठ टेकायचा. "असा बांधला मला. असा चाबूक. आन मी म्हणलं..." बायका हसून हसून लोळायच्या. आणि हुसेनबी थांब्यावर कपाळाला हात लावून सांगायची, "क्या करूं मा, इसकू पिच्चर का फितूर चढ्या है. चूडियां छोडको चाबुक की बातां करता."

ते मी ऐकलं. त्यांच्या बोलीत फितूर म्हणजे खूळ, वेड. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात फितूर म्हणजे आतून शत्रूला मिळालेला, किल्ल्याचा दरवाजा रात्री उघडून देणारा. 'कारणे द्या' मध्ये दर वर्षी एक तरी फितूर असायचाच. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि शब्द ज्याला दोन्ही बाजूंनी दिसतो त्याला गप्प बसवत नाही. दुसऱ्या दिवशी नासिर पेटी घेऊन निघाला तसा मी ओरडलो, "काय फितूर, कुठं निघालाव?" पोरं फिसकन हसली. नासिरही हसला. त्याला आमचा अर्थ माहीत नसेल असं नाही, पण आई ज्या अर्थानं बोलली त्याच अर्थानं तो ओ द्यायचा. आठ दिवसांत नाव पक्कं झालं. "फितूर आला का रं?" "फितुराला म्हणावं, चांगल्या मापाच्या आण." सिंधूसुद्धा दारातून हाक मारायची, "फितूरमामू, चाबूक दाखवा की!"

मग तीस सप्टेंबरची पहाट आली.

भूकंपात आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण एकही भिंत सरळ उभी राहिली नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवर गावंच्या गावं दगडाखाली गेली. नासिरचा निम्मा धंदा त्याच गावांत होता. कित्येक मनगटांची मापं त्याला पाठ होती, ती मनगटंच उरली नव्हती. दोन महिने त्यानं पेटी उघडली नाही. त्या गावांकडं बघून आम्हाला आमचं दुःख बोलायची लाज वाटायची. पण लाज काय, महिनाभर टिकली. मग नुकसानीची यादी करणारे आले आणि लाजेची जागा यादीनं घेतली. ज्याच्या भिंतीला भेग, त्याचं नाव यादीत. गावात भेगेला एवढा मान मी कधी बघितला नव्हता. लोक पाहुण्याला दाखवावी तशी भेग दाखवायचे.

मी तोवर लातूरला अकरावीला लागलो होतो. कॉलेज बंद, क्लास बंद, म्हणून गावातच. यादीला एक तरुण ओव्हरसियर आला होता. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन नुकताच लागलेला, गॉगल, खिशाला दोन पेनं. मला तसंच व्हायचं होतं, त्यामुळं मी त्याच्या मागं मागं. अमृतराव मालकांच्या घरी बाकीची मंडळी बाहेर चहा पीत राहिली. आत माजघरात तो आणि मी दोघंच. मागच्या भिंतीला हातभर उंच, दोन बोटं रुंद भेग. तो वहीत लिहू लागला.

मी काय करावं? मी विनोद केला.

"साहेब, ही भेग माझ्यापेक्षा सिनियर हाय. मी आन मालकांचा मन्मथ हितंच अभ्यासाला बसायचो. दहावीच्या कॉपीच्या चिठ्ठ्या आम्ही हिच्यातच ठेवल्या होत्या."

तो खळखळून हसला. मला धन्य वाटलं. मग हसत हसतच त्यानं पेनाचं टोक भेगेत घातलं, आणि आतून घडी घातलेली एक चिठ्ठी टुपकन खाली पडली. पायथागोरस. माझ्या अक्षरातला. मार्चमधला.

तो अजून हसत होता, पण वहीतलं नाव त्यानं खोडलं. चिठ्ठी हातात घेऊनच बाहेर पडला आणि त्या आळीतलं घरन्‌घर पुन्हा तपासलं. काजळी बसलेली भेग जुनी, पांढरी भेग नवी, एवढं साधं होतं. पंधरा दिवसांनी यादी लागली. अकरा घरं कापलेली, पहिलं मालकांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमलं. मालक बोलत नव्हते, त्यांचे शेजारी गुरुपादप्पा बोलत होते. "घरातली भेग जुनी का नवी हे भाईरच्याला कसं कळतंय? आतला कुणीतरी बोललाय. आपल्यात कुणीतरी फितूर हाय."

गुरुपादप्पांची नजर एकेकावरून फिरत होती. माझ्यावर येईल, मग पुढं जाईल, का थांबेल? मन्मथ माझ्याकडंच बघत होता. माझ्या अंगात एकच हत्यार होतं, ते मी उपसलं.

"आप्पा, फितूर तर गावात एकच हाय की!"

गाव हसलं. मोठ्यानं हसलं. पाराच्या कडेला नासिर पेटीवर बसला होता, तोही हसला, आणि हसत हसत खांबाला बांधल्यासारखे हात मागं नेले, नेहमीची नक्कल करायला. मग इतरांचं हसणं एकेक करून थांबलं. गुरुपादप्पा म्हणाले, "हाव की. माजघरापातुर तर ह्योच जातो."

नासिरचे हात मागंच राहिले.

त्याला कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त दारं बंद झाली. तो आला की आतून आवाज यायचा, "आज नको." उद्याही नको. परवाही. पोटासाठी कुणाच्या बोलावण्यावर जगायचं नसतं तोवर ठीक, मन्याराचं सगळंच बोलावण्यावर. संक्रांतीला त्याच्या पेटीकडं एकही बाई आली नाही, तेव्हा तो हुसेनबीला घेऊन लातूरला गेला आणि गंजगोलाईच्या बाजारात हातगाडी लावली.

मी पण लातूरलाच. भूकंपानंतर शहराला एकदम अभ्यासाचा जोर चढला होता. गल्लीगल्लीत क्लास, घराघरावर 'कॉट बेसिस' च्या पाट्या. मी सकाळी सहापासून भौतिकशास्त्रात असायचो. गंजगोलाई चुकवून सायकल लांबून न्यायचो. त्या लांबच्या रस्त्यावर तीन चढ होते, ते मला पाठ झाले.

एप्रिलमध्ये नासिरनंच मला क्लासच्या दारात गाठलं.

"बजरंग! अरे, पिच्चर लागला. दुपारचा खेळ. दोन तिकिटं काढलो. चल."

"हुसेनबीला ने की, चाचा."

"अम्मीचे डोळे गेलेत. आन गावाकडचं तूच एकटा हाईस हितं. कुणीतरी वळखीचं पाहिजे ना बघायला."

गेलो. अडीच तासांच्या बंडात नासिर दोन तासांनी आला. लिंबाचं झाड, लाल डगला, ते डोळे. साहेब इंग्रजीत गुरगुरला. नासिरनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी भरदार, लखनवी आवाज टॉकीजभर घुमला, "नाम नहीं मालूम, साहब." तोंड तांबरवाडीचं, आवाज भाड्याचा. मला हसू फुटायला हवं होतं. पण मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "वा रे वाघा" म्हटलं, आणि नासिरनं अंधारात माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घ्यायचं काहीतरी निमित्त शोधत राहिलो.

बाहेर ऊन होतं. तो चहाच्या गाड्यावर थांबला.

"सिंधूचं लगीन ठरलं म्हणं?"

"हाव. बारा मेला."

"चुड्याचं बोलावणं यायला पाहिजे मग. आजून आलं न्हाई." तो कपातली साय बोटानं काढत होता. "मालक रागात हाईत, ठीक हाय. पण चुड्याला तर बोलावतील. का न्हाई बोलावणार? तीन पिढ्या..." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू गावाला जाशील तवा सिंधूच्या आईला नुसतं इचार. माझं नाव नको घेऊ. नुसतं इचार, मन्यार कोण येणार म्हणून."

मी हाव म्हणालो. आणि दोन आठवडे गावाला गेलो नाही.

गेलो ते लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा. मालक भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर बसले होते, शेजारी गुरुपादप्पा. मी उभ्यानंच सांगितलं. भेग, चिठ्ठी, ओव्हरसियर, सगळं. मध्ये कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर बोललो नसतो.

गुरुपादप्पा आधी हसले. "पायथागोरस! काय डोकं हाय पोराचं. मालक, ह्यो सरणावर बी नकला करील."

"आप्पा, खरं सांगायलोय."

"हाव रे हाव. त्या दिवशी पारावर बी खरंच बोललास न्हवं?"

मालक हसले नाहीत, पण म्हणाले, "नासिरनं पाठवलं काय तुला? मला वाटलंच. लातूरला पिच्चर दाखवला म्हणं त्यानं." आणि तोंड फिरवलं. चुड्याला निलंग्याचा मन्यार सांगून ठेवलाय, तेही त्यांनीच सांगितलं.

मी जायला वळलो तर पत्र्याच्या आडून मालकीणबाई, तारामतीकाकू, बाहेर आल्या. हाताला डाळीचं पीठ होतं.

"त्या साहेबाच्या हातात कागद होता," त्या म्हणाल्या. "हसत हसत निघाला तवा. मला वाटलं पावती आसंल. घडी केलेला, वहीचा, चौकटीचा कागद?"

"चौकटीचाच. गणिताच्या वहीचा."

त्यांनी पीठ पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "निलंगेकराला मी न्हाई म्हणून कळवते. उद्या तू लातूरला जा. तुझ्या तोंडानं नासिरला सांग, जसं हितं सांगितलंस तसं. आन घेऊन ये. परवा चुडा."

गंजगोलाईत दुपारी सामसूम होती. नासिर गाडीवर क्लासच्या पोरींसाठी क्लिपा लावत होता. बांगड्या मागं ढकलल्या होत्या. मी सांगितलं. तो क्लिपा लावत राहिला, लाल लालजवळ, निळी निळ्याजवळ.

"पारावर तू बोललास ते मला म्हाईत हाय," तो शेवटी म्हणाला. "आवाज वळखला मी. पोरगं हाय, मस्करीत बोललं, म्हणून सोडून दिलं. अम्मीला बी तेच सांगितलं, मस्करी होती." त्यानं एक क्लिप उचलली, परत ठेवली. "आता तू सांगायलास की मस्करी नव्हती. जीव वाचवायला माझं नाव दिलंस."

मला वाटलं होतं मी त्याला काहीतरी परत द्यायला आलोय. त्याच्याकडं जेवढं होतं त्यातलंही मी घेऊन टाकलं.

"काकूंनी बोलावलंय, चाचा. चुड्याला. चला."

"न्हाई."

"आता सगळ्यांना खरं कळंल."

"कळंल. पण बघ, बांगडी तेल लावून चढत न्हाई. बाई बोलती तवा चढती. माहेरचं, पोराचं, कायतरी बोलाय लागली की हात ढिला पडतो, आपण गप सरकवायची. आता त्या वसरीवर मी बसलो तर बायका बोलणार न्हाईत. माझ्याम्होरं शब्द टाकायच्या आधी इचार करतील. मुठी आवळून बसतील. मी कशी घालू?"

त्यानं मागून हिरव्या बांगड्यांचा जुडगा ओढला आणि माळेतून एकेक बांगडी गाडीच्या कडेवर टिचकीनं वाजवून बघितली. एक वेगळी वाजली, ती बाजूला टाकली. दोन पुड्या बांधल्या. "ही डाव्या हाताची, माप दोन-चार. ही उजव्याची, दोन-सहा. उजवा हात भरला हाय तिचा, पाणी वढून. आदलाबदल करू नको." पैशाचं विचारलं तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी खिशातला हात बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पंधरावीस बायका जमल्या होत्या. पाटावर सिंधू, हळदीनं पिवळी. मी दोन पुड्या घेऊन दारात उभा राहिलो. माझ्या मागं कोण येतंय ते सगळ्यांनी वाकून बघितलं.

"नासिर?" तारामतीकाकूंनी विचारलं.

"न्हाई आला."

"कामून?"

त्या मला वाचवणार नव्हत्या. मग मी तिथं, पंधरावीस बायकांत, तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. भेगेचं, चिठ्ठीचं, पारावरचं, आणि काल तो जे म्हणाला ते. 'पायथागोरस' म्हणताना कुणी हसलं नाही. सिंधू माझ्याकडं बघत होती. लहानपणापासून मी जे बोललो त्यावर ती हसायची.

काकूंनी पुड्या घेतल्या, पाटासमोर बसल्या आणि लेकीचा डावा हात हातात घेतला. त्यांनी आयुष्यात कुणाला बांगडी भरली नव्हती. "कायतरी बोल गं," त्या सिंधूला म्हणाल्या. सिंधू बोलली नाही. कुणीच बोललं नाही. काकूंनी बोटं जुळवली, दाबली, बांगडी उंबरठ्यासारख्या त्या हाडावर अडली. त्यांनी अजून दाबलं.

आमच्याकडं नवरीची बांगडी कधी फुटत नसते. काहीही झालं तरी ती वाढली म्हणतात, आणि ते म्हणायला एखादी म्हातारी टपूनच बसलेली असते. मी वाट बघितली. एकही म्हातारी बोलली नाही. काकूंनी सिंधूच्या मनगटावरचा रक्ताचा थेंब पदरानं टिपला, हिरवे तुकडे तळहातावर गोळा केले आणि माझ्याकडं बघून स्पष्ट म्हणाल्या,

"फुटली."